कौसल्याबाईंसमोर वाचताना

१० नोव्हेंबर, सोमवार. बारामती

आलो एकदाचा. पुण्यातल्या मित्रांनी निरोप असा दिला, जणू मी काळ्या पाण्यावर निघालो होतो. प्रत्यक्षात बस जेवणवेळेच्या आत पोचलीसुद्धा. इथले रस्ते पुण्याहून गुळगुळीत आहेत, झाडं ओळीत उभी आहेत, आणि त्या रस्त्यांवरून लोक कमालीच्या निश्चिंतीनं कुठेही न जाता फिरत असतात. खोली छान मिळाली. खाली ठिबकच्या नळ्यांचं दुकान, वर मी. खिडकीतून माळेगावच्या कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर दिसतात. एकाचं गाणं विरायच्या आत दुसऱ्याचं येऊन धडकतं. घरमालकांनी विषय विचारला. मराठी म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला सांत्वन म्हणतात.

कॉलेजात प्राचार्यांनी चहा पाजला. आधीचे मराठीचे सर वर्षाच्या मध्येच आजारी पडले, म्हणून माझी नेमणूक. पीएच.डी.चा विषय विचारला. ‘उत्तराधुनिक कादंबरीतलं निवेदन’ म्हटल्यावर त्यांनी विचारलं, हे परीक्षेला किती मार्कांना येतं. अर्थात त्यांना दोष देत नाही. ज्याची जेवढी भूक, तेवढंच त्याचं ताट.

एकूण मजा येणार. वर्षभर शांतपणे राहावं आणि जाताना ह्या लोकांवर एक फर्मास लेख लिहावा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ग्रंथालयात एक आश्चर्य भेटलं. ग्रंथपाल सुकन्या म्हणून आहेत. तिशीच्या पुढच्या, कमी बोलणाऱ्या. आज मी वर्गात उतारा वाचत होतो तेव्हा त्या दाराबाहेर उभ्या राहून ऐकत होत्या म्हणे. म्हणाल्या, तुमचं वाचन ऐकतच राहावंसं वाटतं. पुण्यात मी वाचायला उभा राहिलो की लोकांना गाडी कुठे लावलीय ते आठवतं.

मग त्यांनी कपाटातून ते पुस्तक काढलं. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना वर्णनावरूनच कळेल. उशीएवढं जाड. नायकाचं नाव फक्त ‘क’. लेखक मधेच येऊन आपल्याच पात्रांची माफी मागतो. टिपांना टिपा, त्या टिपांना आणखी टिपा. एका प्रकरणात नुसती एका खोलीतल्या सामानाची यादी आहे. असली पुस्तकं आवडून घ्यायची नसतात, पचवायची असतात, आणि महाराष्ट्रात पचवणारे हाताच्या बोटांवर. अर्थात त्यातलं एक बोट माझं.

सुकन्यांची आई भवानीनगरच्या शाळेत मराठी शिकवायची. निवृत्तीनंतर तिनं डाळजच्या घरी वाचनमंडळ काढलं. दर रविवारी असली जाडजूड पुस्तकं मोठ्यानं वाचायची आणि चर्चा करायची. मागे अर्धांगवायूचा झटका आला आणि आईची वाचा गेली. पण मंडळ चालू आहे, वाचणारं कुणी नाही. मी येईन का, असं त्यांनी विचारलं. उसाच्या फडात उत्तराधुनिकता! लेखाला ह्याहून चांगला मजकूर कुठे मिळणार? हो म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

त्यांनी गाडी पाठवली. भिगवणच्या पुढे हायवे सोडला की डाळज. घर डाळिंबाच्या बागेत, मागे उजनीचं पाणी पसरलेलं. पाण्यावर पक्षी बघायला लोक लांबून येतात. पक्षी एका पायावर उभे असतात आणि लोक दोन पायांवर, फरक तेवढाच.

मंडळ म्हणजे काय, तर चार माणसं. सुकन्यांचे वडील बापूसाहेब; पांढऱ्या टोपीतले, अंगानं दणकट, डाळिंबवाले. त्यांनी ते पुस्तक पाहुण्याच्या हातात पानाचा विडा द्यावा तसं माझ्या हातात दिलं. भवानीनगरचे निवृत्त कारकून दत्तोबा. हे चिवड्यासाठी येतात. स्वतः सुकन्या. आणि चाकांच्या खुर्चीत कौसल्याबाई. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. डोळे मात्र शाबूत. असे डोळे मी फक्त तोंडी परीक्षेतल्या बहिःस्थ परीक्षकांचे पाहिलेत.

ओसरीवर आणखी एक गृहस्थ होते, माझ्याच वयाचे, लसूण सोलत बसलेले. नमस्कार केला तर हसले. बोलले नाहीत. हे संदेशसर, माझ्या आधीचे. सोलापूरचा भाऊ येऊन बघून गेला म्हणे, पण सांभाळायला तयार नव्हता. म्हणून बापूसाहेबांनी ठेवून घेतलंय. बिचारे आजारी आहेत असं सुकन्या म्हणाल्या. एकूण हे घर म्हणजे न बोलणाऱ्यांचा आश्रम आहे.

मी वाचलं. काय वाचलं म्हणून सांगू! दत्तोबांचं तोंड उघडं ते उघडंच. ऐकणाऱ्याचं तोंड उघडं राहिलं की समजावं, कान बंद झालेत. नंतर चर्चा. दत्तोबांनी विचारलं, ह्या ‘क’चं लग्न झालंय का. बापूसाहेब म्हणाले, सर, आमाला काय कळत न्हाय, पर तुमी बोला. तुमाला काय वाटलं ते सांगा. मी सांगितलं. कौसल्याबाई माझ्या ओठांकडे बघत होत्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

दुसरी बैठक. त्या पुस्तकाची गंमत अशी की त्यात कथाच नाही. वाचता वाचता माणूस उघड्या माळावर येतो आणि मग आपलंच काहीतरी बोलून सावली करावी लागते. अर्थात ही त्या शैलीची ताकद. पण समोर दत्तोबा असले की ताकद वाया जाते. तरी मी बोललो.

मुलाचं हरवणं असा एक तुकडा होता, त्यावरून मी बाबांची गोष्ट सांगितली. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. कानावर कायम पेन्सिल. किराण्याच्या पुडीच्या कागदावरसुद्धा चुका दुरुस्त करायचे. मी लहानपणी तुळशीबागेत हरवलो. रडलो नाही. एका दुकानाच्या पाटीखाली उभा राहून पाटीतली चूक मोठमोठ्यानं सांगत राहिलो, ‘भांडी’तली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व आहे म्हणून. बाबांनी ते गर्दीतून ऐकलं आणि आवाजाच्या मागाने आले. मला उचललं नाही. आधी पाटीकडे बघितलं आणि म्हणाले, बरोबर आहे तुझं. बाबांनी आयुष्यात मला दिलेली तेवढीच शाबासकी. ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही.

सुकन्यांनी डोळे पुसले. कौसल्याबाईंचे ओठ हलल्यासारखे वाटले.

३० नोव्हेंबर, रविवार

आज कौसल्याबाई बोलल्या.

मी एक टीप वाचून थांबलो होतो, आणि खुर्चीतून शब्द आला, अर्थात. स्पष्ट. अगदी पुणेरी ठसक्यात. बापूसाहेबांच्या हातातली बशी खाली गेली. सुकन्या आईच्या पायाशी बसून रडायला लागल्या. दत्तोबांनी हात जोडले. मीही हेलावलो, नाही कशाला म्हणू. पुण्याच्या डॉक्टरांना जमलं नाही ते माझ्या वाचनानं केलं. लेखाचा शेवट बदलावा लागणार.

फक्त संदेशसर ओसरीवरून उठून बागेत निघून गेले.

२ डिसेंबर, मंगळवार

वर्गात मजा झाली. एक वाक्य सुरू केलं आणि पहिलाच शब्द सापडेना. माझा नेहमीचा, ज्यावरून मित्र मला चिडवतात. मी तो रोज शंभरदा म्हणत असेन. मागच्या पानावर लिहिलेला दिसतोय, पण तोंडात धरला की साबणासारखा निसटतो. पोरं हसली. हसू देत. त्यांना हसायला एवढंच कळतं.

७ डिसेंबर, रविवार

कौसल्याबाई पूर्ण वाक्यं बोलतात. दत्तोबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, शेवटी ह्या ‘क’चं होतं काय. बाई त्यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “दत्तोबा, ऐकणाऱ्याचं तोंड उघडं राहिलं की समजावं, कान बंद झालेत. तुम्ही चिवडा खा.”

मला हसू फुटलं. किती नेमकं बोलल्या. वाटलं, ह्या भागात माझ्या तोडीचं बोलणारं एक माणूस आहे तर.

दत्तोबा उठले. चपला घालताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “मी बाईंच्या हाताखाली शिकल्याली पोरं बघितल्यात. बाईनी कदी कुनाला असं तोडून बोललं न्हाय. ह्या बाई न्हाईत, सर. तुमी बी आता थांबा.” मग पायीच हायवेकडे गेले. चिवडा तसाच राहिला, हे विशेष.

१४ डिसेंबर, रविवार

आज चर्चेत बहुतेक कौसल्याबाईच बोलल्या. एक छोटी गोष्ट सांगितली. लहानपणी त्या तुळशीबागेत हरवल्या होत्या. रडल्या नाहीत. पाटीखाली उभ्या राहून पाटीतली चूक ओरडून सांगत राहिल्या. वडील आवाजाच्या मागाने आले आणि म्हणाले, बरोबर आहे तुझं. जरा भावुक, पण रचना चांगली. भवानीनगरच्या मास्तरीणबाई लहानपणी तुळशीबागेत कशा हरवल्या, ते विचारायचं राहिलं. सुकन्या माझ्याकडे बघत होत्या, माझं काही सांडलंय आणि मला कळलेलं नाही, असं.

१६ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी आईचा फोन. तिला करमणूक म्हणून बाईंची ती गोष्ट सांगितली. ती म्हणाली, अवि, चेष्टा करतोयस का. तो तू होतास. ती भांड्यांच्या दुकानाची पाटी होती. तुझे बाबा मरेपर्यंत ते सांगायचे.

मी म्हटलं, हो, चेष्टाच. फोन ठेवला.

तेव्हापासून आठवून बघतोय. बाबांचा चेहरा येतो. कानावर पेन्सिल येते की नाही, सांगता येत नाही. तुळशीबाग येते, पण कुणीतरी सांगितलेली. आतून काहीच नाही. दात पडल्यावर जीभ जिथे जाते तशी पोकळी.

२१ डिसेंबर, रविवार

जायचं नाही असं ठरवलं होतं. गेलो. जाब विचारायला.

बापूसाहेब ओसरीत संदेशसरांची दाढी करत होते. हळूच, हनुवटी धरून. काही लपवलं नाही त्यांनी. म्हणाले, झटका आल्यावर सगळे उपाय केले. संदेशसर यायचे, गोष्टीची पुस्तकं वाचायचे. काही फरक नाही. मग बाईंचं आवडतं हे जाड पुस्तक काढलं, आणि बाई बोलायला लागल्या. जसं बाईंचं बोलणं वाढलं तसं संदेशसरांचं आटलं. “गोष्टीच्या पुस्तकात वाचनारा गोष्टीच्या आडोशाला बसतो, सर. ह्या पुस्तकात आडोसाच न्हाय. वाचनाऱ्याला सोताचं घालावं लागतं. संदेशसरांकडं थोडंच हुतं. ते सरलं, आन बाई परत गप झाली.”

मी हसलो. अडाणीपणा म्हटलं, मेंदूला मार बसलेला माणूस पोपटासारखं बोलतो म्हटलं. तेवढ्यात आतून बाईंचा आवाज आला. बापूसाहेबांना उद्देशून. “तुम्ही त्यांना काय समजावताय? ज्याची जेवढी भूक, तेवढंच त्याचं ताट. तुमची भूक डाळिंबाएवढी.”

बापूसाहेबांनी फेस पुसला आणि खाली बघत म्हणाले, “चाळीस वर्सांत असं कदी बोलली न्हाय. पर बोलती हाय ना. मी गप घर लई दिस ऐकलंय, सर.”

त्या माणसाची कीव आली. बायको परत मिळावी म्हणून काय केलं, आणि मिळालं काय, तर माझी जीभ.

सुकन्या फाटकापर्यंत सोडायला आल्या. मी त्यांना विचारलं, माझा उपयोग ठाऊक होता का. हो म्हणाल्या. नजर चुकवली नाही. मग म्हणाल्या, संदेशसरांनी पुस्तक पुरं केलं नव्हतं. पुरं झालं तर कदाचित आईला पुढे कुणाचं लागणार नाही. कदाचित ज्याचं त्याला परतही मिळेल.

कदाचित. पण दुसरं आहे काय हातात? निम्म्याच्या वर पुस्तक झालंय. नाताळची सुटी आहे. इथेच राहून उरकतो. हे पुस्तक शेवटपर्यंत नेणारा ह्या राज्यात मीच असेन तर मीच.

२५ डिसेंबर, गुरुवार. डाळज

रोज सकाळी वाचतो. पाण्याकडच्या खोलीत. जेवण उत्तम, बापूसाहेब स्वतः वाढतात.

बाईंना ती तुळशीबागेची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावली. पाठ करून परत घ्यावी म्हणून. लिहूनही घेतली. वाचून बघितली. कुणा दुसऱ्याच्या मुलाची गोष्ट.

चर्चा आता त्या करतात. बापूसाहेबांना मठ्ठ म्हणतात, सुकन्यांना कारकुनी डोक्याची म्हणतात. मला मधेच थांबवून उच्चार सुधारतात. त्यांचं बोलणं ऐकताना मान डोलते. इतकं चांगलं बोलणारं इथे कुणी नाही. आणि ते बोलणं माझं आहे.

२९ डिसेंबर, सोमवार

सामानाच्या यादीचं प्रकरण. टेबल, खुर्ची, आरसा. वाचलं. मग खोलीत आलो आणि समोरच्या वस्तूला काय म्हणतात ते येईना. ज्यात चेहरा दिसतो ती. वहीत लिहिताना येतं. तोंडानं येत नाही. हात अजून शाबूत आहे.

पुण्यातल्या एका समीक्षकावर मनातल्या मनात चरचरीत वाक्य करायला बसलो. करमणूक म्हणून. झालं नाही. तो चांगला माणूस आहे, एवढंच आलं. घाबरलो. मला कधी कुणी चांगलं वाटत नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

पुस्तक संपलं.

शेवटच्या पानावर लेखक म्हणतो, वाचका, आता पहिल्या पानाकडे जा. नेहमीची चलाखी. मी मिटायला गेलो. बाई म्हणाल्या, जा. माझी बोटं पानं उलटत पहिल्या पानावर गेली आणि तोंड सुरू झालं. मला थांबायचं होतं. सुकन्यांनी पुस्तक काढून घेतलं तेव्हा थांबलो.

काही परत मिळालं नाही. सुकन्या मला म्हणाल्या — त्या रडत होत्या — चुकलं आमचं. बाई म्हणाल्या, रडू नकोस, भिकार दिसतेस.

५ जानेवारी, सोमवार

पळालो. सकाळी, बापूसाहेब बागेत असताना. हायवेवर एसटी मिळाली. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं.

ते शहर. आईचं. नाव डोळ्यांसमोर होतं, पाटीसारखं. तोंड उघडलं तर ‘क’ म्हणालो. पुन्हा विचारलं. पुन्हा ‘क’. लोक हसले. कंडक्टरला वाटलं, सकाळीच घेतलीय. दंडाला धरून पुढच्या थांब्यावर उतरवलं.

फोन उघडला. आई लावला. ती हॅलो हॅलो म्हणाली. मी — ती घाबरली. बंद केला.

रस्त्याच्या कडेला बसलो. उसाचे ट्रॅक्टर जात होते. उन्हं वर आल्यावर बापूसाहेब आले. रागावले नाहीत. पाणी दिलं. म्हणाले, “चला सर. घरी चला.”

गेलो. दुसरीकडे कुठे जायचं ते सांगता येत नाही.

१८ जानेवारी, रविवार

आई आली.

माझ्याशी बोलली. गाल धरले. मी तिचं नाव — आई — तेही नाही आलं. डॉक्टरांनी झटका म्हटलंय. लहान वयात येतो म्हणे.

मग कौसल्याबाई बोलल्या तिच्याशी. तुळशीबाग. बाबांची पेन्सिल. मी तापात असताना आईनं कपाळावर ठेवलेला हात, तो कसा कांद्याच्या वासाचा. आई ऐकत राहिली. माझ्याकडे बघितलं. बाईंकडे बघितलं.

आईनं बाईंचा हात धरला.

माझा सोडून.

संध्याकाळपर्यंत तिथेच बसली. सोप्पं होतं — तिच्या मुलाचं बोलणं जिथून येत होतं तिथे ती बसली. जाताना बापूसाहेबांना म्हणाली, इथे बरी काळजी घेतात, थोडे दिवस राहू दे. मी परत येईन, बोलायला.

कुणाशी ते —

२४ जानेवारी

लसूण सोलतो. संदेशसर शेजारी. ते हसतात. मीही.

पक्षी छान आहेत. एका पायावर. आधी मी त्यांना काहीतरी म्हटलं होतं. वाईट. का म्हटलं —

बाई आता कमी बोलतात. काल एक शब्द अडला. बापूसाहेब रात्रीसारखे काळे झाले. माझं सरत आलं —

१ फेब्रुवारी

पुढच्या रविवारी सुकन्या गाडी पाठवणार. कुणीतरी येणार.

बापूसाहेबांनी माझी दाढी केली. हनुवटी धरून. हात गरम.

८ फेब्रुवारी

आल्या. राजलक्ष्मी नाव. कॉलेजच्या नव्या. हसऱ्या. चष्मा. बापूसाहेबांना आजोबा म्हणतात, दत्तोबांची जागा बघून — इथं कोण बसायचं विचारतात. घर आवडलं. पाणी आवडलं. सुकन्या खाली बघतात.

पुस्तक त्यांच्या मांडीवर.

बाई बघतात. ओठांकडे.

मी उठलो. तोंडानं येत नाही. हाताला येतं, थोडं. कागद घेतला. मोठं लिहायचं होतं. जा. पळा. जीव वाचवा. हात दमला. एकच शब्द झाला. धावत नेऊन दिला.

लिहिलं होतं — वाचा.

त्यांनी बघितलं. माझ्याकडे बघून हसल्या. हो दादा, वाचते ना, म्हणाल्या.

पान उघडलं.

तसं नाही बाई. तसं वाचा नाही. जीव — तुमचा — तसं